सत्ताविसाव्या पराभवाची रात्र

२०२३च्या डिसेंबरात लेकीकडं गेलो होतो. ती आणि जावई दोघंही गाड्यांच्या धंद्यातले, राहायला डेट्रॉईटच्या बाहेर नोव्हायला. याच धंद्यानं पिंपरी-चाकणकडची, आमच्या कोल्हापूरकडची कितीतरी घरं त्या भागात नेऊन वसवलीत. वाणसामानाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की पाठीमागून 'अगं, पोहे जाड घेतलेस का' असं ऐकू येतं. मी स्वतः शिरोली एमआयडीसीत तेहतीस वर्षं फाउंड्रीत काढली. बीड ओतणं हे माझं काम. डेट्रॉईट न बघताही मला ते गाव आपल्या धंद्याचं माहेर वाटायचं. तिथं जाऊन मी काय काय बघणार याची यादी लेकीनं केली होती. बास्केटबॉल त्या यादीत नव्हता.

तो आला नातवामुळं. तेरा वर्षांचा आहे, आणि डेट्रॉईटचा बास्केटबॉलचा संघ पिस्टन्स म्हणजे त्याचा जीव की प्राण. गेल्या गेल्या पहिल्याच संध्याकाळी विचारतो, "आजोबा, तुम्ही पिस्टन ओतता ना?" म्हटलं, "पिस्टन नाही रे, ब्रेक ड्रम." पण मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी बसलो तिथंच सरसावलो. हा संघ मुळात एका पिस्टनच्या कारखान्याचा. इंडियाना राज्यात फोर्ट वेन नावाचं गाव आहे, तिथं फ्रेड झोलनर या कारखानदाराचा पिस्टन बनवायचा धंदा होता. त्यानं १९४१ मध्ये आपला संघ व्यावसायिक स्पर्धेत उतरवला आणि नाव दिलं झोलनर पिस्टन्स. १९५७ मध्ये संघ डेट्रॉईटला आला आणि नाव आपसूक गावाला शोभलं. ओतकामातून जन्मलेला संघ! मला आणखी कारण लागलंच नाही. म्हटलं, एक मॅच बघायचीच.

लेक म्हणाली, "पप्पा, या वर्षी नको. या वर्षी ते फक्त हरतायत."

आणि हरत होते ते साधंसुधं नव्हे. हंगामाच्या सुरुवातीला तीनपैकी दोन सामने जिंकले होते. त्यानंतर ३० ऑक्टोबरला ओक्लाहोमा सिटीत हरले आणि तिथून जी रांग लागली ती तुटेना. नोव्हेंबर पूर्ण गेला. डिसेंबर गेला. नाताळापर्यंत ओळीनं २६ सामने हरून झाले होते. एनबीए, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा, तिच्या इतिहासात एकाच हंगामात ओळीनं २६ हरणारे तोवर दोनच संघ होते, २०१०-११चा क्लीव्हलंड आणि २०१३-१४चा फिलाडेल्फिया. २६ डिसेंबरला घरच्या मैदानावर ब्रुकलिन नेट्सशी गाठ होती. हरले असते तर तो विक्रम त्यांच्या एकट्याच्या नावावर जाणार होता. त्याच सामन्याची तिकिटं जावयांनी काढली.

त्या दिवशी बर्फ नव्हता, हवा ओली आणि डिसेंबरच्या मानानं बरीच उबदार होती. नोव्हायहून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासात गावात आलो. वुडवर्ड अॅव्हेन्यू हा तिथला हमरस्ता, त्याच्या कडेला लिटल सीझर्स अरीना. २०१७ मध्ये उघडलेलं स्टेडियम, नाव पिझ्झाच्या कंपनीचं. पिझ्झाचीही तिथं वेगळी तऱ्हा आहे: चौकोनी, जाड, कडेला चीज करपलेलं. पूर्वी तो गाड्यांचे सुटे भाग ठेवायच्या पोलादी ट्रेमध्ये भाजायचे, असं सांगतात. आम्ही स्टेडियममध्ये शिरायच्या आधी तो खाल्ला. मी ती करपलेली कड बोटानं उचलून बघत होतो, तसा नातू म्हणाला, "आजोबा, कास्टिंग तपासताय का?"

आत गेलो आणि थांबलोच. छताला मोठमोठे झेंडे टांगलेले. पिस्टन्सचे तीन, १९८९, १९९० आणि २००४ या अजिंक्यपदांचे. याच मैदानावर रेड विंग्ज हा आइस हॉकीचा संघही खेळतो. बर्फावर फळ्या टाकून त्यावर बास्केटबॉलचं लाकडी मैदान मांडतात. म्हणजे खेळाडू धावत असतात आणि त्यांच्या पायाखाली बर्फ तसाच असतो. ते कळल्यापासून मी खाली बघितलं की मला तो बर्फच दिसायचा.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते. अंगात निळं जाकीट, पाठीवर १९८९ शिवलेलं, कोपरावर कापड विरलेलं. त्यांनी विचारलं, कुठून आलात? भारतातून, फाउंड्रीत होतो, असं सांगितलं. ते एकदम माझ्याकडं वळले. तेही इंजिनच्या कारखान्यात होते, ओतकामाच्या खात्यात. मग त्यांनी काय करावं, आपला उजवा हात पुढं करून मनगटाजवळचा डाग दाखवला. पांढुरका, नाण्याएवढा. मी बाही वर करून माझा दाखवला. रस उडाला की तो कुठं बसतो हे दोन्ही देशांत सारखंच आहे. त्यानंतर आम्हाला बोलायला भाषेची अडचण आली नाही.

त्यांनी मला त्या जाकिटाची गोष्ट सांगितली. तेव्हाच्या संघाला 'बॅड बॉईज' म्हणायचे: आयझेया थॉमस, जो डुमार्स, बिल लॅम्बीअर, डेनिस रॉडमन. अंगावर येणारं, धसमुसळं खेळायचे आणि सगळ्या देशाला त्यांचा राग यायचा. गावाला मात्र ते आपले वाटायचे. पुढं २००४ मध्ये बेन वॉलेस, चॉन्सी बिलप्स यांच्या संघानं लॉस एंजेलिसच्या दिग्गजांना ४–१ नं लोळवलं. ते नावं घेत होते आणि प्रत्येक नावाला एकेक बोट मिटत होते.

मॅच सुरू झाली. पहिल्या अर्ध्यात मला खेळापेक्षा लोकच जास्त दिसत होते. मी रिकाम्या खुर्च्या बघायच्या तयारीनं गेलो होतो. पण लोक आले होते. बाप पोरांना घेऊन आले होते, आज्या आल्या होत्या. निवेदक 'डीट्रॉईट बास्केटबॉल' असा लांब हेल काढून ओरडला की अख्खं स्टेडियम त्याच हेलात उत्तर देत होतं. नुसती कीव असती तर तो आवाज एवढा मोकळा निघाला नसता.

दुसऱ्या अर्ध्यात केड कनिंगहॅम पेटला. बावीस वर्षांचा पोरगा, २०२१ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यातला, पहिला. त्यानं त्या रात्री ४१ गुण केले आणि त्यातले ३७ दुसऱ्या अर्ध्यात. तो कधी पळतोय असं वाटतच नाही. समोरचा गडबडेपर्यंत वाट बघतो आणि मग एका खांद्यानं जागा करून घेतो. माझा नातू उभा होता, जाकीटवाले गृहस्थ उभे होते, मी उभा होतो. शेवटच्या मिनिटांपर्यंत वाटत होतं, आज तुटणार ही साखळी.

११८–११२. हरले. ओळीनं सत्ताविसावा.

शेवटी शेवटी वरच्या भागातून आरोळी उठली, 'सेल द टीम', म्हणजे मालका, संघ विकून टाक. ती खाली पसरत गेली. नातूही ओरडला. शेजारचे गृहस्थ ओरडले नाहीत, पण पोरांना गप्पही केलं नाही. लोक पायऱ्या चढून निघाले तरी ते भोंगा होईपर्यंत बसून राहिले. भोंगा झाल्यावर उठले, जाकिटाची बटणं खालून वर एकेक करून लावली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सी यू सॅटर्डे." शनिवारी पुढचा घरचा सामना होता.

गाडीत नातू खिडकीकडं तोंड करून बसला होता. त्याला मी आमच्या शाहू स्टेडियमचं सांगितलं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब. ज्या पेठेत जन्मलास तो संघ तुझा, त्यात निवड नसते. माझी तालीम अंतिम सामन्यात हरली त्या दिवशी माझे वडील चालत घरी आले, कुणाशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संघाची किट धुवायला तालमीत गेले. नातवानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुढच्या वर्षी जिंकली का?" नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

दुसऱ्या दिवशी डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स हे कलासंग्रहालय बघायला गेलो. लेकीच्या यादीत तेच पहिलं होतं. वुडवर्डवरून फुकटची ट्राम धावते, तिनं गेलो. संग्रहालयाच्या मधल्या चौकात डिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकारानं १९३२-३३ मध्ये काढलेली भित्तिचित्रं आहेत, एकूण सत्तावीस. फोर्डच्या रूज कारखान्याची. उत्तरेच्या भिंतीवर व्ही-८ इंजिन कसं बनतं ते सगळं: भट्टी, साचे, रस ओतणारी माणसं, ब्लॉक. चित्रातल्या माणसांच्या पाठी मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. वजन ओढताना माणूस कमरेतून कसा वाकतो आणि मागचा पाय कुठं टेकवतो, ते त्या चित्रकारानं अचूक टिपलंय. तिथं उभं असताना माझ्या खांद्यात कळ आली. पेन्शनीत निघून चार वर्षं झाली तरी शरीराला आठवतं.

त्या भिंतीसमोरच्या बाकावर जावयांशी बोलणं निघालं, की हे हरतायत का? ते वाचतात या विषयावर. संघ अगदी कोवळा: केड बावीसचा, जेलन ड्युरेन आणि ऑसार थॉम्पसन विशीतले. लांबून नेम धरणारे कमी, त्यामुळं समोरचे पाचही जण टोपलीपाशी गर्दी करून उभे राहतात आणि केडला आत शिरायला फट मिळत नाही. त्यात नेमबाज बोयान बोगदानोविच दुखापतीमुळं सुरुवातीचे आठवडे बाहेर. प्रशिक्षक मॉंटी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलर देऊन आणलेलं, पण जेडन आयव्हीसारख्या चपळ पोराला ते बाकावर ठेवत होते. मला ते ओळखीचं वाटलं. फाउंड्रीत रिजेक्शन वाढलं की पहिल्यांदा माणूस घाबरतो आणि एकाच दिवसात वाळू, ओल, रसाचं तापमान सगळं बदलतो. मग कशामुळं बिघडलं तेच कळत नाही. एक एक गोष्ट बदलायची आणि मध्ये धीर धरायचा असतो. धीर हाच सगळ्यात महाग माल.

बाहेरचे लोक म्हणतात की तिकडं खाली राहण्यात फायदा असतो. ते मला पटत नाही. तिथं तळाच्या संघांना पुढच्या ड्राफ्टमध्ये वरचा खेळाडू मिळायची संधी असते हे खरं. पण ती चिठ्ठी असते. तळाच्या तिघांना तेव्हा पहिल्या क्रमांकाची शक्यता फक्त १४ टक्के होती. पिस्टन्स २०२२-२३ मध्ये १७–६५ नं सगळ्यात खाली होते आणि चिठ्ठीत पाचव्या क्रमांकावर घसरले. ज्याची सगळं जग वाट बघत होतं तो व्हिक्टर वेंबान्यामा सॅन अँटोनिओला गेला. हा २०२३-२४ चा हंगाम पुढं १४–६८ वर संपला, संघाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट, आणि चिठ्ठीत पुन्हा पाचवाच क्रमांक आला. केडनं त्या रात्री ज्या तऱ्हेनं ३७ गुण ओढून काढले ते बघितलेला माणूस त्या पोरांना मुद्दाम हरणारे म्हणणार नाही.

२८ तारखेला बोस्टनमधली मॅच टीव्हीवर बघितली. मध्यंतराला ६६–४७ नं पुढं! लेकीनं स्वयंपाकघरातनं येऊन उभ्या उभ्या बघितलं. जादा वेळेत गेले आणि १२८–१२२ नं हरले. अठ्ठावीस. फिलाडेल्फियाचा दोन हंगामांत मिळून २८चा विक्रम होता, त्याचीही बरोबरी झाली. नातू पांघरुणात शिरला आणि आतूनच म्हणाला, "आजोबा, शनिवारी जायचं."

गेलो. ३० डिसेंबर, समोर टोरांटो. त्याच दिवशी त्यांचा ओजी अनुनोबी न्यूयॉर्कला दिला गेला होता, म्हणजे ते दुबळे होते. कुणालाही त्याची पर्वा नव्हती. स्टेडियम गच्च भरलं होतं. आमच्या जागा यावेळी खूप वर होत्या. मी १९८९चं निळं जाकीट शोधत होतो. तसली बरीच जाकिटं दिसली, पण ते गृहस्थ दिसले नाहीत.

केडनं ३० गुण केले आणि १२ वेळा दुसऱ्याला करून दिले. ड्युरेननं १७ रिबाउंड घेतले. चेंडू टोपलीवरून उडाला की त्याचे दोन हात सगळ्यांच्या वर. १२९–१२७. भोंगा झाला आणि जो आवाज उठला तो मी आयुष्यात फक्त शाहू स्टेडियमवर ऐकला होता. खेळाडू एकमेकांना धरून उभे होते. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती. नातू माझ्या कोटाच्या बाहीला लोंबकळत उड्या मारत होता, आणि मी त्याला थांबवलं नाही.

बाहेर पडलो तर वुडवर्डवर प्रत्येकाच्या हातात फोन, आणि फोनवर लायन्स. त्याच संध्याकाळी डेट्रॉईटचा हा अमेरिकन फुटबॉलचा संघ डॅलसला खेळत होता. २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरलेला हा संघ आठवडाभरापूर्वीच तीस वर्षांनी आपल्या गटात पहिला आला होता. आमच्या मागून चालणारा कुणी तरी तेच मोजून सांगत होता: दोन हजार आठ, दोन हजार तेवीस.

एक जानेवारीला पिस्टन्स ह्यूस्टनला हरले. मी बॅगा भरत होतो. नातू भिंतीवरच्या वेळापत्रकापाशी गेला, त्या खान्यात पेन्सिलीनं काट मारली आणि पुढच्या खान्यावर बोट ठेवलं. "तीन तारखेला युटा," म्हणाला. "इथं रात्री नऊला आहे, तुमच्याकडं सकाळ असेल. फोन चालू ठेवा, आजोबा."