उलटं पायडल

मुलीकडे सहा आठवडे राहायला गेलं की पहिला आठवडा आपण पाहुणे असतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून अडगळ. तसं कोणी म्हणत नाही, पण आपल्याला कळतं. नेदरलँड्समधल्या आम्स्टेलवेनला माझं अगदी तसंच झालं. मुलगी आणि जावई कामाला, नात शाळेत, भांडी मशीनमध्ये, आणि केर काढायला एक गोल डबडं आपलं आपण खोलीभर हिंडतंय. त्याला पाय लागू नये म्हणून मीच सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. पोळ्या करते म्हटलं तर, "आई, तू बस गं निवांत." निवांत बसायला मी काय कोथरूडहून इतक्या लांब आले?

शेवटी मुलीनेच तोडगा काढला. मागच्या शेडमधून तिने एक काळी सायकल ओढून आणली. जुनी, चांगली जड, म्हशीच्या शिंगांसारखं हँडल आणि मागच्या चाकाला कायमचं अडकवलेलं गोल कुलूप. "ही ओमाफीट्स. म्हणजे आजीची सायकल," ती म्हणाली. मला वाटलं, टोमणा असेल. पण तिकडे त्या घाटाच्या सायकलीला खरोखरच तसं म्हणतात, आणि कॉलेजच्या मुलीही त्यावरूनच हिंडतात. त्या देशात माणसं उंच, त्यामुळे सीटही उंच. जावयाने पाना आणून ती चार बोटं खाली केली, तेव्हा कुठे माझे अंगठे जमिनीला टेकले.

सायकल मला येते. चांगली येते. १९७३ साली, दहाव्या वर्षी, भाड्याच्या सायकलवर मी शिकले. आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवर, मग सीटवर. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. पुढे लग्नापर्यंत सायकलच होती. त्यामुळे मी ऐटीत टांग टाकली, आठ-दहा पायडलं मारली, आणि मग आपण सगळेच करतो ते केलं. वेग आल्यावर पाय मोकळे सोडून पायडल सहज उलटं फिरवलं. कटकटकट असा तो फ्रीव्हीलचा आवाज ऐकायला.

सायकल जागच्या जागी थांबली. मी मात्र थांबले नाही.

त्या सायकलला हँडलवर ब्रेकच नव्हता. पायडल मागे दाबलं की मागच्या चाकाच्या आतला ब्रेक लागतो, एवढाच काय तो ब्रेक. ऐकायला सोपं आहे. पण उताराला, वळणावर, गप्पा मारताना आपले पाय किती वेळा उगीचच मागे फिरतात, ते तिथे समजलं. आणखी एक पंचाईत सिग्नलची. पुण्यात आपण थांबलो की पायाच्या चवड्याने पायडल मागे फिरवून वर आणून ठेवतो, म्हणजे हिरवा दिवा लागताच जोर मारता येतो. इथे ते मागे फिरतच नाही. मग सायकल मागून थोडी उचलायची किंवा दोन पावलं ढकलायची, आणि तोवर मागे दहा डच माणसं शांतपणे उभी. घंटी वाजवत नाहीत. वाजवली असती तर बरं, असं वाटावं इतकी शांत.

पहिल्या शनिवारी मुलगी माझ्या मागून आली. "आई, हात दाखव! वळायच्या आधी हात!" "आई, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दे!" "आई, ते शार्कचे दात बघ, तिथे आपण थांबायचं!" रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांच्या रांगेला तिकडे शार्कचे दात म्हणतात, टोकं आपल्याकडे रोखलेली असली की आडव्या जाणाऱ्याला वाट द्यायची. मी दात बघू की हात दाखवू की पायाने ब्रेक आवरू? हिला शिकवताना मी कॅरिअर धरून मैदानभर धावले होते आणि "समोर बघ, चाकाकडे बघू नको" एवढं एकच वाक्य बोलत होते. शिकवण्याची पद्धत पुढच्या पिढीत बिघडलीच आहे.

हेल्मेट घालायचंच, असा मी हट्ट धरला. तिकडे साध्या सायकलवर बहुतेक कोणी घालत नाही. रेसवाले घालतात, नाहीतर पर्यटक. ओमाफीट्सवर, सलवार-कमीजवर, लालभडक हेल्मेट घालून जाणारी मी आम्स्टेल नदीकाठच्या बदकांनाही नवी असावी.

पुढच्या आठवड्यात एकटी निघाले. रस्ता चुकायची भीती नव्हती, कारण तिकडे वाटेवर जागोजागी खांबांवर आकडे असतात. आधी कागदावर चार-पाच आकडे लिहून घ्यायचे आणि एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत बाण बघत जायचं. १९९०च्या दशकात शेजारच्या बेल्जियममध्ये ही पद्धत निघाली, आणि ती काढणारा गृहस्थ मुळात खाणींचा इंजिनिअर. जमिनीखालच्या अंधाऱ्या बोगद्यांना आकडे द्यायची त्याला सवय; तीच त्याने उन्हात आणली. पत्ता विचारण्यासारखं कोणी भेटत नाही तिथे ही मोठीच सोय. मला विचाराल तर थोडी रुक्षही. पानपट्टीवाल्याने "सरळ जा, मग कोणालाही विचारा" असं सांगण्यात जो विश्वास असतो, तो आकड्यात नाही.

औडरकेर्क गाव लागलं, पूल लागला, आणि त्यापुढे रोंडं हूप. हा एक गोलसर पोल्डर आहे. पाणी उपसून कोरडी केलेली शेतजमीन. भोवताली नद्या, नदीकाठाने बांध, बांधावर अरुंद रस्ता, आणि मधून आरपार जाणारा रस्ताच नाही. एकदा फेरी धरली की सतरा-अठरा किलोमीटर गोल फिरूनच बाहेर. शेताच्या लांबट पट्ट्या कडेपासून मध्याकडे निमुळत्या होत जातात, आपण केक कापतो तशा. पण खरी गंमत दुसरीच. रस्त्याच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला गाई, आणि गाई नदीच्या पाण्यापेक्षा खाली! पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी उतरून उभी राहिले. होडी वरून चालली आहे आणि खाली गाय रवंथ करते आहे. तिला काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. खडकवासला, पानशेत ऐकत मोठी झालेली मी. पाणी वर आणि आपण खाली, हे चित्र मला निवांत बघताच येईना.

अर्धी फेरी झकास झाली. वाटलं, अजून दम आहे आपल्यात. बासष्टाव्या वर्षी काय सुरेख पळते आहे सायकल! मग रस्ता वळला, वारा तोंडावर आला, आणि इतका वेळ सायकल कोण चालवत होतं ते कळलं. त्या देशात डोंगर नाहीत म्हणून वाऱ्याने घाटाचं काम अंगावर घेतलंय. कात्रजला निदान घाटमाथा दिसत तरी असतो. इथे समोर सगळं सपाट, आणि सपाट जमिनीवर मी उभी राहून पायडल मारतेय. तेवढ्यात पंचाहत्तरीच्या पुढच्या एक बाई, कॅरिअरवर भाजीची पिशवी, माझ्या शेजारून आरामात पुढे गेल्या. त्यांच्या सायकलला बॅटरी असणार. असणारच.

घरी आल्यावर जावयाला म्हटलं, तुम्हा लोकांना सायकलीचं हे सगळं आयतं मिळालंय. तो म्हणाला, "आई, आयतं कुठे?" साठच्या दशकात तिथेही मोटारींनी रस्ते गिळले होते. १९७१ या एका वर्षात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. मग आईबाप रस्त्यावर आले. त्यांच्या चळवळीचं नावच 'मुलांचे खून थांबवा'. त्यात १९७३चं तेलाचं संकट आलं. काही रविवार मोटारींना बंदी झाली आणि लोक हायवेवरून सायकली चालवत हिंडले. म्हणजे मी पुण्यात हाफ पायडल मारत होते त्याच वर्षी. त्यांची गाडी तेव्हा वळत होती आणि आमचीही, फक्त उलट्या दिशांनी. मी पुढे काही बोलले नाही. लग्नानंतर सायकल भंगारात देऊन मोपेड घेणारी मीच होते.

उरलेले आठवडे पाऊस नसेल तेव्हा मी बाहेर. येताना पाव आणायचा, नातीला शाळेत सोडायला तिच्या छोट्या सायकलच्या मागे मागे जायचं. जाताना ती पुढे, पाठीवर दप्तर, मध्येच वळून, "आजी, हात!" सहाव्या आठवड्यात माझ्या पायांनी मागे फिरणं सोडून दिलं होतं. थांबायचं असलं की आपोआप टाच दाबली जाई.

पुण्याला परतल्यावर जेट लॅगमुळे पहाटे चारला जाग. सहा वाजता खाली गेले तर शेजारच्या मुलाची सायकल पार्किंगमध्ये उभी. त्याला विचारलं, सोसायटीतच दोन चकरा मारते. सीट बरोबर माझ्या मापाची. पहिली चक्कर छान झाली. दुसऱ्या चकरेत गेटपाशी दूधवाला आडवा आला. मी शांतपणे पायडल मागे दाबलं.

कटकटकट.

कुंड्या दोनच फुटल्या. वॉचमनकाका खुर्चीतून उठले, मला उठवलं, सायकल उभी केली, आणि हँडलवरची ती दांडी मला दोनदा दाबून दाखवली. "ताई, ब्रेक इथं असतो."