बंकरच्या बाहेरची खोली

कॅन्सर हॉस्पिटलं डिझाइन करते म्हटलं की पहिला प्रश्न हमखास रेडिएशनचा येतो. बाहेर येत नाही ना ते? नाही येत. रेडिओथेरपीचं मशीन, म्हणजे लिनॅक, ज्या बंकरमध्ये बसतं, त्याच्या ज्या भिंतीवर झोत थेट पडू शकतो ती मोठ्या ऊर्जेच्या मशीनसाठी साध्या काँक्रीटची २ मीटरहून जाड असते. बाकीच्या भिंती साधारण तिच्या निम्म्या. आत जायची वाट मुद्दाम वळवलेली असते, कारण प्रत्येक वेळी भिंतीवर आपटून किरण क्षीण होत जातात आणि दार त्या मानाने हलकं ठेवता येतं. ऊर्जा १० एमव्हीच्या (मेगाव्होल्ट) वर गेली की न्यूट्रॉनही तयार होतात, मग दारात बोरॉन घातलेलं पॉलिथिलीन लागतं. केबल भिंतीतून नेताना सरळ न्यायची नाही, तिरकी न्यायची. या सगळ्याचं गणित ठरलेलं आहे, ते तपासणारे फिजिसिस्ट आहेत आणि मंजुरीशिवाय मशीन सुरूच होत नाही.

माझा जीव अडकतो तो बंकरच्या बाहेरच्या खोलीत. तिचं गणित कुणी मागत नाही.

डोकं-मानेच्या कॅन्सरचा पेशंट रेडिएशनला आठवड्यातले पाच दिवस येतो, तेही सहा-सात आठवडे. मशीनखाली तो असतो काही मिनिटं. बाकी वेळ बाहेर. केमोचं सलाइन कधी तासाभरात संपतं, कधी दिवस जातो. बायोप्सीचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांचा नंबर, सगळीकडे वाट पाहणं. या आजारात माणूस हॉस्पिटलमध्ये सर्वांत जास्त जे करतो ते हेच. आणि नकाशात मात्र वेटिंग म्हणजे बाकी सगळं बसवून उरलेली जागा. बजेट कमी पडलं की पहिली कात्री तिथेच.

मॅगी केसविक जेंक्स या लेखिका आणि बागांच्या रचनाकार बाईंना १९९३ मध्ये कॅन्सर परत आल्याचं एडिंबरामधल्या हॉस्पिटलात सांगितलं गेलं, आणि ते पचवायला मिळाला तो बिनखिडकीचा कॉरिडॉर. त्यांनी उरलेल्या काळात एका वेगळ्या जागेचा आराखडा केला: हॉस्पिटलच्या आवारातच, पण घरासारखं स्वयंपाकघर आणि टेबल असलेली, बसायला-बोलायला. १९९५ मध्ये त्या गेल्या. १९९६ मध्ये पहिलं मॅगीज सेंटर त्याच आवारातल्या जुन्या तबेल्याच्या इमारतीत उघडलं. आज अशी अनेक सेंटर्स आहेत, नावाजलेल्या आर्किटेक्टांनी बांधलेली. मला त्यांचं कौतुक आहेच. पण तो कॉरिडॉर मूळ इमारतीतच नीट व्हायला हवा, हा माझा हट्ट आहे.

आणि हे फक्त मायेपोटी म्हणत नाही. पेट स्कॅनचंच घ्या. त्यात कॅन्सरच्या गाठी शोधायला फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेल्या साखरेचं इंजेक्शन देतात, आणि त्याची किरणोत्सारिता ११० मिनिटांत निम्मी होते. ते दिल्यावर पेशंटला तासभर शांत पडून राहावं लागतं. तो बोलत राहिला तर स्वरयंत्राचे स्नायू ती साखर ओढून घेतात आणि स्कॅनमध्ये तिथे चमक दिसते. त्याला थंडी वाजली तर मानेभोवतीची तपकिरी चरबी (शरीराला ऊब देणारी) पेटून उठते, तीही साखर ओढते, आणि नेमक्या तिथल्याच गाठी डॉक्टरांना पाहायच्या असतात. म्हणून एसीची जाळी त्या खाटेच्या डोक्यावर येता कामा नये. ड्रॉइंगमध्ये ती जाळी म्हणजे एक छोटा चौकोन असतो, सहाशे बाय सहाशे मिलिमीटर टाइलच्या फॉल्स सीलिंगमध्ये कुठेही सरकवता येणारा, आणि तो नेहमी टाइलच्या सोयीने सरकतो. मी प्रत्येक वेळी साइटवर जाऊन खाटेच्या जागी खुणा करते आणि एसीवाल्यांना तिथे उभं करते. इथे वेटिंगची खोली हा तपासणीचाच भाग आहे.

छताचंही तसंच. पेशंट बहुतेक वेळ आडवा असतो, हे फिनलंडचे आर्किटेक्ट आल्वार आल्टो यांनी तिथल्याच १९३३च्या पाइमिओ सॅनेटोरियममध्ये टीबीच्या रुग्णांसाठी ओळखलं होतं. छताला शांत गडद रंग, दिवा डोळ्यांत न जाणारा, बेसिनचा उतार असा की पाणी पडल्याचा आवाज शेजारच्याला होऊ नये. एवढ्या वर्षांनंतरही मी स्ट्रेचरच्या वाटेवर डोळ्यांवर येणारे दिवे बघते तेव्हा राग येतो.

संशोधनाबद्दल थोडंच सांगते. क्लायंटला रिसर्चची इमारत वेगळी हवी असते, पुढे, काचेची. मी ती ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, चिकटून मागते. काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये किती वेळात पडला यावर पुढच्या तपासण्यांचा भरवसा असतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती मर्यादा एका तासाची आहे. फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायचा तुकडा, पाठवलं की उत्तर येईपर्यंत सर्जन हात जोडून उभे असतात आणि पेशंट भुलीखाली असतो. पॅथॉलॉजी दोन मजले खाली आणि लिफ्ट सगळ्यांची एकच, अशा हॉस्पिटलात ही मिनिटं कोण देतं? टेबलावरचा माणूसच. त्यामुळे ओटी आणि पॅथॉलॉजी एकाच मजल्यावर, मधे स्वतंत्र खिडकी, आणि संशोधनासाठी तुकडे ठेवायचे उणे ८० अंशांचे फ्रीझर लगेच पलीकडे. काचेची इमारत नंतर बघू.

सध्याच्या कामात लिनॅक तळघरात आहेत, वजन आणि मातीचा आडोसा दोन्ही कारणांनी ते बरोबरच आहे. पण मग वेटिंगही तळघरात येतं. त्याला लागून मी वरून उघडा एक खोल चौक काढला आहे, म्हणजे बसणाऱ्याला झाड आणि आभाळ दिसेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरने खोदाई वाढते म्हणून नाराजी दाखवली, ती रास्त आहे. या चौकाचा खर्च मी लँडस्केपमध्ये धरलेला नाही, कारण तिथे तो पहिल्याच कपातीत जातो. तो रेडिओथेरपी विभागाच्या सिव्हिल कामात, बंकरच्या काँक्रीटला लागून लिहिला आहे, आणि पुढच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर तिथेच का, हेही सांगणार आहे.