लालीवर ओरडलो आणि तिथून कुत्र्यांवरचं रिसर्च वाचायला लागलो

आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, लाली आमच्या गल्लीतली कुत्री, ऊन चढलं की आमच्या जिन्याखाली येऊन पडते. मार्चमध्ये आईनं वाळत घातलेली चादर फाटलेली दिसली आणि मी लालीवर जोरात ओरडलो. तिनं कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतली, नजर चुकवली. मला वाटलं हीच ती. संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, अरे चादर शेळीनं ओढली, मी बघितलं ना. लई वाईट वाटलं. मग लालीनं तसं तोंड का केलं?

रात्री इन्स्टावर शोधायला बसलो. रील्सचा नुसता पूर, 'कुत्र्याला चूक कळते' म्हणणारे शंभर जण, पण कशावरून ते कोणी सांगत नाही. एका रीलखाली अलेक्झांड्रा होरोवित्झ या कुत्र्यांवर संशोधन करणाऱ्या बाईंचं नाव दिसलं, ते गुगल स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध शोधायच्या साइटवर टाकलं आणि त्यांचा 2009 चा पेपर (शोधनिबंध) सापडला. 14 कुत्री, मालकानं खाऊ खायचा नाही म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं, परत आल्यावर कुत्र्यानं खाल्लं की नाही हे मालकाला कधी खरं सांगायचं तर कधी खोटं. कुत्र्यानं खाल्लं की नाही याचा त्या पडलेल्या चेहऱ्याशी संबंधच लागला नाही, मालक रागावला की तो चेहरा, आणि न खाता बोलणी खाल्लेल्यांमध्ये तर जास्तच. म्हणजे लाली मला घाबरली होती, बाकी काही नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, रीलमध्ये माणसाचं नाव किंवा साल नसेल तर पुढं जायचं, असेल तर मूळ पेपर काढायचा. इंग्रजी जड जातं, पहिल्या पेपरचा नुसता सारांश कळायला दोन संध्याकाळ गेल्या. एक्सवर संशोधकांची खाती फॉलो केली, ते एकमेकांच्या प्रयोगातल्या त्रुटी काढतात ते वाचून मला जास्त समजलं. 1022 खेळण्यांची नावं ओळखणारी चेसर नावाची कुत्री तिथंच भेटली. पण ही सगळी घरात वाढलेली कुत्री, आणि माझ्या डोक्यात लाली.

शेवटी कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधक अनिंदिता भद्रा यांचं काम सापडलं, थेट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर! 2020 चा पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतो. रस्त्यावरच्या 160 कुत्र्यांपुढं झाकलेले दोन वाडगे ठेवून अनोळखी माणसानं एकाकडं बोट दाखवायचं. साधारण निम्मी कुत्री जवळच आली नाहीत, जी आली त्यातल्या जवळपास 80 टक्क्यांनी बोट बरोबर ओळखलं, कुणी शिकवलं नसताना! मी मात्र त्या न आलेल्या निम्म्यांवर अडकलो, ती बावरलेली होती असं त्यांनी लिहिलंय. आपल्याकडं येताजाता कुत्र्याला दगड मारतात, ते कशाला जवळ येईल.

त्याच टीमचा 2017 चा पेपरही वाचला, अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा अंगावरून हात फिरवणं जास्त कामी येतं असा. लाली तर त्या दिवसापासून मला बघितलं की उठून जायची, भाकरी टाकली तरी मी आत गेल्यावरच खायची. मग रोज सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर नुसता बसायला लागलो, हात खाली सोडून, तिच्याकडं न बघता. नवव्या दिवशी तिनं हात हुंगला. आता मानेखाली खाजवलं की डोळे मिटते. बोट दाखवायचा प्रयोग अजून केला नाही, आधी तिला माझ्या हाताची भीती पूर्ण जाऊ दे.