सहावीसाठी शाळा पाहताना पंचायत समितीत काय झालं

आमच्या गावची जिल्हा परिषद शाळा पाचवीपर्यंतच. म्हणून पोरीच्या सहावीसाठी शेजारच्या गावची जिपची, रोडवरच्या मोठ्या गावातली जिपची आणि तालुक्याची अनुदानित, अशा तीन शाळा पाहिल्या. पुस्तकं अन खिचडी तिन्हीकडं, त्यात काय तुलना करायची. मले एकच पाहायचं होतं, गणित-विज्ञानाचा मास्तर खरंच हाय का. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात (२००९चा) लिहूनच आहे, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा अन समाजशास्त्र याला कमीत कमी एकेक शिक्षक पाहिजे, आणि ३५ पोरांमागं एक.

यूडायसचा (सरकारकडं शाळांची माहिती असते ते) ११ आकडी नंबर शाळेच्या भिंतीवरच असते, तो टाकून मोबाईलवर खोल्या, संडास, शिक्षक किती ते दिसते. शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षक पूर्ण दिसले. पण गावातले लोक म्हणे, गणिताचे सर तर दिसतच नाही बावा. मग शाळेत विचारलं तर म्हणे पंचायत समितीत विचारा. तिथला बाबू म्हणे साहेब मीटिंगले गेले, उद्या या. उद्या गेलो तर फाईल दुसऱ्या टेबलावर, तो टेबलवाला ट्रेनिंगले, अन पुन्हा बाबूच म्हणतो शाळेत काहून नाही विचारत. उन्हाचा पारा ४५ वर, एसटीचे धक्के खात जायचं अन हे ऐकून परत यायचं, डोकं फिरते माणसाचं. पोरगी माझी, शाळा सरकारी, अन विचारलं की जसं मी याच्या घरचं सोनं मागून राहिलो.

शेवटी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला (बीपीएल कार्ड असंल तर तेही लागत नाही). "मंजूर पदे किती" एवढंच विचारू नका, प्रत्यक्ष हजर किती अन प्रतिनियुक्तीवर (म्हणजे पद इथं, काम दुसरीकडं) कुठं कोण, असं वेगवेगळं लिहा. ३० दिवसात उत्तर द्यावंच लागते. आपल्याकडं विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच टाका, मे मध्ये नको. उत्तर आलं तवा समजलं, सर कागदावर इथं अन प्रतिनियुक्तीवर दुसरीकडं. बाबूनं पोचपावतीवर सही करताना तोंड असं केलं होतं ना, अजून आठवलं की बरं वाटते.

पोरीला रोडवरच्या शाळेत टाकलं. जुन्या शाळेचा दाखला (टीसी) दिला नाही म्हणून ॲडमिशन अडवता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे, आम्हाला गरज पडली नाही. मानव विकासची निळी बस (शाळेच्या पोरींसाठीची एसटी) कोणत्या टायमाला येते ते आधीच पाहून घ्या, नाहीतर पोरगी संध्याकाळी रोडवर उभी.

अन हो, शाळा पाहायला २६ जानेवारीला जाऊ नका, त्या दिवशी सगळंच झाडलेलं असते. साध्या मंगळवारी जा, वर्गात लावलेलं वेळापत्रक पाहा अन पोरांनाच विचारा काल गणिताचा तास झाला का. पोरं खरं सांगतात. मुलींच्या संडासात पाणी आहे का तेही पाहा, नळ फिरवून.