आमची वाटचाल : एका गाडीपासून नऊ गाड्यांपर्यंत

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळींत माझी ओळख 'लॉरीवाला' अशी आहे. बाकीचे बहुतेक डॉक्टर नाहीतर आयटीतले, त्यामुळे हे नाव चटकन चिकटलं. आज आमच्या नऊ गाड्या आहेत, अकरा ड्रायव्हर, आणि ऑफिस म्हणजे यार्डातला एक पत्र्याचा कंटेनर. त्यात हीटर आहे, चहाची किटली आहे आणि फायलींनी भरलेली दोन कपाटं आहेत. धंद्याची खरी गोष्ट त्या कपाटांतच आहे.

मी कराडचा. बाबांची सहा चाकी होती, एकच. कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायची, येताना जे मिळेल ते भाडं. वर्षातून एकदा पासिंग, म्हणजे आरटीओची गाडी तपासणी. ते जवळ आलं की अड्ड्यावरून 'पासिंगचे टायर' यायचे. चांगल्या नक्षीचा सहा टायरांचा जोड, तो चार-पाच मालकांत फिरता असायचा. आमचे टायर उतरवायचे, ते चढवायचे, केबिनला रंगाचा हात मारायचा, दिवे-रिफ्लेक्टर पुसायचे, पासिंग करून आणायचं आणि संध्याकाळी टायर पुढच्या मालकाकडे पोचते करायचे. टॉमीवर (नट फिरवायच्या लांब दांड्यावर) उभं राहून नट सैल करायचं काम माझं. त्यात काही गैर आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. दिवाळीला घर सारवतात तसंच काहीतरी वाटायचं.

२००५ मध्ये बायकोला इथे नर्सची नोकरी लागली आणि मी मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन तिच्या मागोमाग आलो. लटरवर्थजवळच्या एका गोदामात रात्रपाळीला फोर्कलिफ्ट चालवली. तीन वर्षांनी लॉरीचं लायसन्स काढलं, दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आणि २०११ मध्ये स्वतःची पहिली गाडी घेतली. १८ टनी, दोन अ‍ॅक्सलची, बाजूला पडदे असलेली, जुनीच.

गाडी घेणं सोपं होतं, परवाना अवघड. इथे दुसऱ्याचा माल भाड्याने न्यायचा तर 'ऑपरेटर्स लायसन्स' लागतं, आणि ते देतो ट्रॅफिक कमिशनर. गाडी रात्री कुठे उभी राहणार ते सांगायचं, तशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरकत घेता येते. ट्रान्सपोर्ट मॅनेजरची परीक्षा (मी दुसऱ्या खेपेला पास झालो). शिवाय बँकेत पैसे दाखवायचे. आजच्या हिशोबाने पहिल्या गाडीला ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीला ४,५००. एवढं झालं की काचेवर लावायला निळी चकती मिळते. ती पहिली चकती मी देवापुढे ठेवली होती, बायको अजून हसते.

रस्त्यावर पहिल्यांदा थांबवलं ते पुढच्याच वर्षी. गाड्या तपासणाऱ्या सरकारी खात्याचं नाव तेव्हा व्होसा होतं, २०१४ पासून डीव्हीएसए झालं. त्यांची गाडी पुढे येते, मागच्या पाटीवर 'माझ्यामागे या' अशी अक्षरं लागतात, आणि तुम्ही मुकाट्याने मागे जायचं. बाजूच्या तपासणी तळावर एक बाई टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत गेल्या. ब्रेकच्या हवेच्या नळ्या, स्प्रिंगचे पाटे, टायर, नट, मालाचे पट्टे. मग टॅकोग्राफचं, म्हणजे गाडी किती वेळ चालली आणि थांबली ते नोंदवणाऱ्या यंत्राचं, कार्ड. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबलोय का, रोजची अकरा तासांची विश्रांती झालीय का. पाऊण तासाने हातात चिठ्ठी : दोष नाही.

रात्री बाबांना फोन केला.

"अरे, किती गेले?"

"काही नाही, बाबा. गाडी चांगली निघाली."

"मग थांबवलं कशाला?"

पुढची चार वर्षं चढती होती. चार गाड्या झाल्या, कामाला घरच्यापेक्षा बाहेरची माणसं जास्त झाली, आणि मी स्टिअरिंगवरून उठून टेबलावर बसलो. चूक इथेच झाली. टेबलावरून सगळं छान दिसायचं. दर सहा आठवड्यांनी प्रत्येक गाडी बाहेरच्या गॅरेजात तपासायला जायची, तिचा लांबलचक तक्ता यायचा, तो मी फायलीत लावायचो. ड्रायव्हरने रोज सकाळी निघायच्या आधी गाडीभोवती फेरी मारून वहीत दोष लिहायचा असतो, नसेल तर 'निल' लिहून सही. रोज 'निल' यायचं. मी खूश.

नोव्हेंबर २०१६. स्टॅफर्डजवळ एम-६ महामार्गावर आमची तीन नंबरची गाडी थांबवली. मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरची आतली कड इतकी झिजलेली की दोऱ्या बाहेर आल्या होत्या, आणि त्याच चाकाचा एक नट हाताने फिरत होता. इथे लॉरीच्या टायरला नक्षीची खोली निदान १ मिलिमीटर लागते. आमच्या त्या कडेला नक्षीच उरली नव्हती. गाडी जागच्या जागी बंद. गाडी बंद करणाऱ्या त्या कागदाचं नाव पीजी नाइन, आणि त्यावर 'एस' हे अक्षर. 'एस'चा अर्थ असा की बिघाड अचानक झालेला नाही, देखभालीतच मोठी हयगय आहे. पंचराची बाब असती तर 'एस' लागला नसता. ड्रायव्हरची सकाळची वही अधिकाऱ्याने मागितली. त्या दिवशीचं पान : निल.

माल सात तास उशिरा पोचला आणि ते गिऱ्हाईक गेलं. पण त्याहून मोठी गोष्ट आम्हाला नंतर कळली. प्रत्येक कंपनीच्या नावापुढे एक रंग असतो, हिरवा, पिवळा किंवा लाल, मागच्या तीन वर्षांच्या तपासण्यांवरून ठरलेला. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि अधिकाऱ्याला समोर रंग दिसतो. लाल गाडी आधी थांबवतात. आम्ही लाल झालो. डिसेंबरमध्ये आमच्या गाड्या तीनदा थांबल्या.

जानेवारी २०१७ मध्ये यार्डात डीव्हीएसएचा माणूस आला. सांगून आला होता, त्यामुळे मी दोन दिवस खपून सगळं लखलखीत केलं होतं. यार्ड झाडलं, गाड्या धुतल्या, फायलींना रंगीत चिठ्ठ्या लावल्या. आज लिहिताना लक्षात येतं, मी पासिंगचे टायर चढवत होतो.

पन्नाशीचा, मुळात मेकॅनिक असलेला माणूस. बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं दिसत होतं. गाड्यांकडे तो आधी गेलाच नाही. चहा घेतला, आणि १५ महिन्यांचे कागद मागितले. तेवढे ठेवणं बंधनकारक असतं. गॅरेजचे तक्ते डावीकडे, ड्रायव्हरांच्या वह्या उजवीकडे अशी मांडामांड केली आणि बोट ठेवून वाचायला लागला. डावीकडचं एक पान, उजवीकडचं एक पान. मध्येच पेन्सिलीने एक रेघ. अर्धा तास तो काही बोलला नाही. कंटेनरमध्ये फक्त हीटरचा आवाज.

मग त्याने रेघा मोजल्या. एकवीस.

म्हणाला, "गॅरेजला या चार गाड्यांत एकवीस दोष असे सापडले, जे खाली उभं राहून कोणालाही दिसतात. गेलेला दिवा, तडकलेला आरसा, फाटका वायपर, टायर. तुमच्या ड्रायव्हरांना १५ महिन्यांत एकही दिसला नाही. त्यांना डोळे आहेत ना?"

मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. मग त्याने गॅरेजच्या तक्त्यांतला ब्रेकचा रकाना दाखवला. रोलरवर गाडी चढवून प्रत्येक चाकाची पकड मोजतात, त्याचा छापील कागद जोडलेला हवा. मुख्य ब्रेकची क्षमता निदान ५० टक्के भरावी लागते. आमच्याकडे सगळीकडे एकच शेरा : 'चालवून पाहिली, ठीक'. रिकामी गाडी यार्डात चालवून ब्रेक दाबला की कुठलीही गाडी थांबतेच. भरलेली, उतारावर थांबते का, हा प्रश्न असतो.

त्याच महिन्यात बाथच्या खटल्याची शिक्षा लागली होती, त्यामुळे हे वाक्य मला जास्तच लागलं. ९ फेब्रुवारी २०१५ ला बाथमधल्या एका तीव्र उतारावर ३२ टनी टिपरचे ब्रेक गेले आणि चार माणसं मेली, त्यातली एक चार वर्षांची मुलगी. ड्रायव्हर सुटला. आत गेले ते मालक आणि मेकॅनिक, साडेसात आणि सव्वापाच वर्षं. बातमी वाचून मी फायली पुन्हा काढल्या आणि त्या 'ठीक'खालच्या सह्या बघत बसलो. सही गॅरेजची होती, पण फायलीत लावणारा मी होतो.

परवाना वाचला. आम्ही काय बदलणार ते लेखी दिलं, कमिशनरच्या कार्यालयातून ताकीद आली, प्रकरण सुनावणीपर्यंत गेलं नाही. गॅरेज बदललं. ब्रेकचे छापील कागद यायला लागले, तेही गाडी भरलेली असताना. (एप्रिल २०२५ पासून दर तपासणीला ब्रेकची मोजणी सगळ्यांनाच करावी लागते. आमचं ते आधीच अंगवळणी पडलं होतं.) प्रत्येक नटावर पिवळे प्लास्टिकचे बाण बसवले, नट हलला की बाणांची टोकं एकमेकांकडे बघेनाशी होतात. हे सगळं पैसे टाकून होण्यासारखं होतं.

'निल'चं काय करायचं हे मात्र कळेना. भाषण दिलं, उपयोग नाही. सही करणारा माणूस भाषणानंतरही सहीच करतो.

उपाय बायकोच्या ड्रेसिंग टेबलवर सापडला. टिकल्यांचं पाकीट. मी रात्री एखाद्या गाडीवर एक लाल टिकली चिकटवायला लागलो. कधी मागच्या दिव्याच्या कडेला, कधी हवेच्या नळीच्या जोडावर, कधी आतल्या चाकाजवळ, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. सकाळच्या फेरीत ज्याला सापडेल त्याने ती ऑफिसात आणून द्यायची, त्याचा नाश्ता माझ्याकडून. पहिला आठवडा कोणालाच सापडली नाही. दुसऱ्या सोमवारी आमचा सगळ्यात जुना पोलिश ड्रायव्हर तर्जनीवर टिकली घेऊन दारात उभा, चेहरा असा की सोनं सापडलंय. सोबत वहीत दोन ओळी : डाव्या बाजूचा मार्कर दिवा बंद, मडगार्डचा स्क्रू नाही. टिकली शोधता शोधता दिसलं होतं.

वर्षभरात वह्यांतलं 'निल' निम्म्यावर आलं, आणि गॅरेजच्या तक्त्यातले दोष घटले. रंग परत हिरवा व्हायला मात्र २०२० उजाडलं.

२०१९ च्या उन्हाळ्यात बाबा आले होते. यार्डात आणलं, आणि गंमत म्हणून त्यांनाही टिकली शोधायला सांगितली. त्यांनी आधी एक दांडकं मागितलं. मग चाकामागून चाक ठोकत गेले, आवाज ऐकत. बाहेरचं ठोकून झालं की वाकून आतलं. हवेच्या टाकीखालचा कॉक दाबून पाणी निघतंय का पाहिलं. दोन मिनिटांत टिकली त्यांच्या नखावर.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर उधारीच्या टायरांवर पासिंग करायचात."

"पासिंग साहेबाला दाखवायला," ते म्हणाले. "घाटात साहेब येत नव्हता बरोबर. रोज पहाटे पाटणला थांबून सगळी चाकं ठोकल्याशिवाय मी गाडी घाटाला घातली नाही कधी. तुझे कागद बघ किती चांगले, आणि चाक कोण ठोकतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यांचे कागद खोटे होते आणि गाडी तपासलेली होती. आमचं २०१६ पर्यंत बरोबर उलटं चाललं होतं. दांडकं तेव्हापासून ऑफिसच्या दाराशी आहे. नवीन आलेले ड्रायव्हर ते भांडणासाठी ठेवलंय असं समजतात.

बाकीचं थोडक्यात. २०१८ पासून रस्त्यावरच मागच्या २८ दिवसांतल्या टॅकोग्राफच्या चुकांना दंड होऊ लागला, तेव्हा कामाच्या वेळा नव्याने बांधल्या. फेब्रुवारी २०२१ पासून पुढच्या अ‍ॅक्सलला दहा वर्षांपेक्षा जुने टायर चालत नाहीत, पण आमच्याकडे टायर इतके टिकतच नाहीत. त्याच वर्षी देशभर ड्रायव्हरांचा तुटवडा पडला, मोठ्या कंपन्यांनी पगार वाढवून माणसं ओढली, आमचे दोघे गेले, एक परत आला. गाड्या पाचाच्या नऊ झाल्या.

गेल्या महिन्यात सात नंबरची गाडी थांबवली. चाळीस मिनिटं. ड्रायव्हर परत आल्यावर चिठ्ठी टेबलावर ठेवली, दोष नाही. तरी तोंड पडलेलं.

"काय झालं?"

त्याने खिशातून हात काढला. बोटावर लाल टिकली. मीच दोन दिवसांपूर्वी मागच्या अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटवर लावली होती आणि विसरून गेलो होतो.

"मला नाही दिसली," तो म्हणाला. "तपासणाऱ्या बाईंना दिसली. हे काय आहे म्हणून विचारत होत्या."

दुसऱ्या दिवशी नाश्ता त्याने आणला, सगळ्यांसाठी.