दोन चुलींना दोन मीटर

गोव्यात वीज कोणाकडून घ्यायची हा प्रश्नच येत नाही. सरकारचे वीज खाते एकच, आणि त्याचे दर ठरवतो गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग. खाते आपला प्रस्ताव आयोगापुढे ठेवते, जनसुनावणी होते, मग आदेश निघतो. तरीही दरपत्रकात आपण कुठे बसायचे हे बरेचसे आपल्याच हातात असते. आमच्या घरी हे जमेपर्यंत पावसाळा उलटून गेला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचे घर फोंडा तालुक्यात, मंगळुरी कौलांचे. पुढे आम्ही आणि सासूबाई, मागच्या भागात धाकटे दीर आणि जाऊबाई. चुली वेगळ्या होऊन वर्षे झाली, पण मीटर एकच राहिला, तोही अजून सासऱ्यांच्या नावावर. बिल आले की निम्मे-निम्मे करायचे. मे महिन्यात दोन्हीकडचे एसी सुरू झाले आणि निम्म्याचा हिशेब कुरकुरायला लागला. "आमचा एसी रात्री दोन तासच असतो हां वहिनी," असे जाऊबाई एकदा म्हणाल्या, तेव्हाच ठरवले की बिल नीट वाचायचे.

घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, मग २००, ३००, ४०० पर्यंत एकेक पायरी महाग, आणि ४०० च्या पुढचे युनिट पहिल्या टप्प्यातल्या युनिटाच्या तिपटीच्या आसपास. टप्पा ओलांडला म्हणून सगळे बिल महाग दराने लागत नाही, फक्त वरची युनिटे त्या दराने मोजली जातात. हे कळले आणि पुढचे गणित सोपे झाले. समजा एका मीटरवर ५२० युनिटे जळली, तर १२० युनिटे सर्वांत महाग टप्प्यात आणि १०० त्याच्या खालच्यात. तीच वीज २८० आणि २४० अशी दोन मीटरांवर वाटली, तर ३०० च्या वर कोणीच जात नाही. वापर तेवढाच, बिल कमी. यात लबाडी काही नाही. कुटुंबे खरोखर दोन आहेत.

बिलात आणखी दोन ओळी असतात. एक स्थिर आकार. तो मंजूर लोडवर लागतो, म्हणजे तुमच्या जोडणीला किती किलोवॅट मंजूर आहेत त्यावर. महिनाभर घर बंद असले तरी तो सुटत नाही. दुसरी एफपीपीसीएची, म्हणजे इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चातल्या फरकाची. गोवा बहुतेक सगळी वीज बाहेरच्या केंद्रीय प्रकल्पांतून विकत घेतो आणि तिथे इंधन महागले की फरक या ओळीतून आपल्यापर्यंत येतो. या दुसऱ्या ओळीपुढे आपले काही चालत नाही. पहिलीपुढे मात्र चालते.

नवीन जोडणीचा अर्ज फार अवघड नाही. मागच्या भागाला पंचायतीचा वेगळा घरक्रमांक आणि घरपट्टीची पावती, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा वायरिंगचा दाखला, ओळखपत्र. केंद्राच्या नियमांत २०२४ च्या दुरुस्तीनंतर ग्रामीण भागासाठी पूर्ण अर्जापासून १५ दिवसांची मुदत आहे. पण अर्ज पूर्ण व्हायला हवा ना! सासऱ्यांच्या मागे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देणारी कोर्टाची प्रक्रिया, झालेली नाही. गोव्याच्या कौटुंबिक कायद्याने अर्धा हिस्सा सासूबाईंचा, उरलेल्यात मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी. म्हणजे दिरांच्या नावावर मीटर घ्यायचा तर नणंदांच्याही ना-हरकत सह्या हव्यात. थोरली म्हापशाला असते, तिने आनंदाने केली. धाकटी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला.

तिचा फोन सहीपुरता राहिला नाही. तिच्याकडे कंपन्या अनेक, आणि ठराविक मुदतीचा बांधलेला दर घ्यायचा की बदलता, हे प्रत्येकाने आपले आपण पाहायचे. तिथला नियामक ऑफजेम दर तीन महिन्यांनी कमाल दर जाहीर करतो. पण ती मर्यादा युनिटाच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नाही. जास्त जाळाल तर जास्त भराल. "वहिनी, तुमचं बरं आहे, निवडायची कटकटच नाही," ती म्हणाली. मला तसे वाटले नाही. तिला संगणकावर आकडे तरी शेजारी शेजारी दिसतात. आम्हाला आधी घरातली माणसे एका खोलीत बसवावी लागली.

कारण खरा वाद पुढेच होता. विहिरीवरचा पंप कोणाच्या मीटरवर? एक अश्वशक्तीचा पंप तासाला निदान पाऊण युनिट खातो आणि टाकी दोन्ही घरांची. बराच काथ्याकूट होऊन पंप आमच्याकडे आणि अंगणातले, तुळशीपाशीचे, गेटवरचे दिवे त्यांच्याकडे असे ठरले. चवथीला माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांनी सजवून टांगतात त्या चौकटीवर, सोडायच्या दिव्यांच्या माळा कोणाच्या, यावर सासूबाईंनी चर्चाच बंद केली.

मीटर वेगळा करणाऱ्यांनी एक काम विसरू नये. मागच्या घराचे वायरिंग तोडल्यावर जुन्या मीटरचा लोड कमी करून घेण्याचा अर्ज लगेच द्यावा. नाहीतर नव्या जोडणीचा लोड मंजूर होतो, जुना तसाच राहतो आणि दोन्हींवर स्थिर आकार भरत बसावे लागते. आम्ही दोन्ही अर्ज एकत्रच दिले.

बाकी बचत फुटकळ, पण टप्प्याच्या कडेवर असणाऱ्याला ती लागते. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. दिवसरात्र फिरणारे पंखे आधी बदलले, पाहुण्यांच्या खोलीतला ठेवला. दोन हजार वॅटचा गीझर पाव तासात अर्धे युनिट घेतो. आंघोळी एकापाठोपाठ उरकायच्या, एवढाच त्यावर उपाय. एसी २४ वर. फ्रीज जुना आहे, पण चालतो आहे तोवर मी तो बदलणार नाही. बचतीसाठी नवीन वस्तू घ्यायचा सल्ला मला नेहमीच संशयास्पद वाटतो.

सौर पॅनलचाही विचार झाला. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण सौर वीज वाचवते ती आपली सर्वांत महाग युनिटे आणि ती तर आम्ही मीटर वाटूनच घालवली. शिवाय छपरावर फणसाची सावली, आणि छप्पर अजून सगळ्यांचे मिळून एकच. ते कोणाच्या वाट्याला येते हे ठरल्याशिवाय पॅनल कोणाच्या मीटरला जोडायचे तेही ठरणार नाही. इन्व्हेंटरीसाठी फोंड्यातल्या एका वकिलांकडे कागद दिले आहेत. स्विंडनहून नणंदबाई नाताळात येतील, तेव्हा पुढचे बघू.