गोंदाचाही कागद दाखवा

जर्मनीत गाडीची तपासणी दर दोन वर्षांनी होते. निरीक्षक स्पोर्ट्स कारच्या पुढच्या लिपवर, म्हणजे बंपरखाली लावलेल्या पट्टीवर, बोट ठेवतो आणि थंडपणे विचारतो, "हे कशानं चिकटवलंय?" लिपचा मान्यतेचा कागद लागतो हे एकवेळ समजू शकतं. पण त्या कागदात ती कशी बसवायची हेही लिहिलेलं असतं: कुठे चिकटवायची, कशानं, सोबत स्क्रू किती. निरीक्षक ते गाडीशी ताडून पाहतो. मग कडेवरून बोट फिरवतो, कारण बाहेरच्या कडेची गोलाई २.५ मिमीपेक्षा कमी चालत नाही. कुणी पायी जाणारा घासला गेला तर कापला जाऊ नये म्हणून. कागद नसेल तर स्वतंत्र तपासणी आणि तिचा वेगळा खर्च. तेही केलं नाही तर गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच गळून पडतो. चार स्क्रू आणि दोन मीटर टेपसाठी एवढं सगळं!

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी समजू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, आणि कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फरक इतकाच की तिथे नियमासोबत पास होण्याची वाटही दिलेली आहे. नागपुरातल्या पोरानं साईड स्कर्टचा, म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीचा, कागद घेऊन कुठल्या खिडकीवर उभं राहायचं? आणि खरं सांगायचं तर नागपुरात लिप आरटीओच्या आधी गतिरोधकच काढतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात तो १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीतला गतिरोधक त्याच उंचीला अर्ध्या मीटरात पोचतो.

म्हणूनच नागपूरहून फोटो येत राहतात: स्कर्ट एका टोकाला सुटला, मधे पोट आलं, आता काय करू भाऊ? हातानं ओढू नको, हे पहिलं उत्तर. अॅक्रिलिक फोमच्या टेपला झटका दिला की ती दगड होते. हळू, सारखा ताण दिला की च्युइंगमसारखी लांबते. झटक्यात टेप सुटत नाही, रंग सुटतो. त्यातही गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाऊन आलेली असेल तर वरच्या पारदर्शक क्लिअर कोटसकट पापुद्रा निघतो.

आधी स्क्रू शोधा. ते चाकाच्या कमानीत, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकखाली लपलेले असतात. खालच्या काठाला क्लिप किंवा रिव्हेट. सगळे निघेपर्यंत गोंदाला हात लावायचा नाही. मग भागाच्या कडेनं बॉडीवर मास्किंग टेपचे तीन थर द्या आणि हीट गन १५-२० सेंमीवरून फिरवत ठेवा. पृष्ठभाग ६०-७० अंश पुरे. ८० च्या वर एबीएस, म्हणजे या भागांचं प्लास्टिक, मऊ पडून वाकतं आणि ते वाकडेपण परत जात नाही. मे महिन्यात काळी गाडी दुपारी उन्हात उभी केली तर अर्धं काम फुकटात होतं. ही सोय जर्मनीत नाही.

टेप कापायला मासेमारीची विणलेली दोरी घ्या, साधा नायलॉनचा तंगूस घासून तापतो आणि तुटतो. मीटरभर दोरी, दोन्ही टोकांना लाकडी दांडके, साबणाच्या पाण्याचा फवारा, आणि करवतीसारखी ओढ. दोरीचा कल नेहमी काढायच्या भागाकडे ठेवा, बॉडीकडे नाही. पॉलियुरेथेनचा गोंद असेल तर दोरीनं भागत नाही. काचवाले विंडशील्ड काढायला वापरतात ती तार लागते.

उरलेली टेप ड्रिलवरच्या रबरी चाकानं निघते. गती कमी ठेवा, एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. नव्यानं रंगवलेल्या पॅनेलवर चाक नको, अंगठ्यानं चोळा. थिनर आणि अॅसिटोन दूर ठेवा: अॅसिटोननं एबीएस विरघळतं, थिनरनं स्वस्त रंग. पेट्रोलनं साफ झाल्यासारखं वाटतं, पण तेलकट थर मागे राहतो. वाळलेलं पॉलियुरेथेन कशातच विरघळत नाही. ते धारदार पात्यानं १ मिमीपर्यंत छाटायचं, आणि तो थर घट्ट असेल तर नवा गोंद त्याच्यावरच धरतो. आधी कुणी बाथरूमचं सिलिकॉन भरलं असेल तर मात्र कर्म! त्याच्यावर ना टेप धरते, ना पुढे रंग नीट बसतो.

पोट का येतं, हे डेकोरवाले सांगत नाहीत. एबीएस लोखंडी पत्र्याच्या सहा-सात पट प्रसरण पावतं. नागपुरात जानेवारीची रात्र १० अंशांची, मे महिन्यातला तापलेला पत्रा ६५ चा. एवढ्या फरकात दीड मीटरचा स्कर्ट पत्र्यापेक्षा साडेपाच मिमी जास्त सरकतो. दोन्ही टोकं स्क्रूनं आवळली की त्या लांबीला बाहेर पडायला मधली जागाच उरते. म्हणून एका टोकाचं भोक गोल, दुसऱ्याचं लांबट, आणि टोकांना ३ मिमी फट. १.१ मिमी जाडीची चांगली टेप आडव्या दिशेनं तिच्या तिप्पट सरकू शकते. बाजारातली पातळ दुतोंडी टेप नाही. फेविक्विकचा तर विचारच सोडा, तो काचेसारखा तडकतो.

परत बसवताना वेळ निवडा. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीची सकाळ, २५-३० अंश, म्हणजे पुढची हालचाल दोन्ही बाजूंना वाटली जाते. जर्मनीत हिवाळ्यात उलटी पंचाईत: १० अंशांखाली टेप पकडच घेत नाही, म्हणून आधी गाडी उबदार गॅरेजमध्ये न्यावी लागते. उन्हाळ्यात नागपुरात पत्रा गार करायला कूलर लावू नका, त्याचे तुषार नेमके चिकटवायच्या जागी बसतात.

भाग कोरडाच लावून मास्किंग टेपनं खुणा करा. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर तेवढी पट्टी आधी पॉलिश करून काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे, एका दिशेनं पुसा, आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं टिपा. प्लास्टिकवर प्रायमरचा पातळ हात द्या. टेपच्या कागदाची टोकं बाहेर दुमडून ठेवा, भाग खुणेवर बसला की मगच ओढा. नंतर रोलरनं दाबा, साधारण चौरस सेंटीमीटरला एक किलो. पॉलियुरेथेन वापरलं तर पट्टी ८-१० मिमी उंच सोडा आणि दाबल्यावर २ मिमी जाडी उरू द्या. सगळा गोंद पिळून बाहेर काढला की जोड कडक होतो. मास्किंग टेपनं २४ तास बांधून ठेवा.

टेपची निम्मी ताकद वीस मिनिटांत येते, नव्वद टक्के एका दिवसात, पूर्ण ७२ तासांनी. तोवर वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन स्कर्टच्या काठावर मारू देऊ नका. तो मारतोच, म्हणून तीन दिवस गाडी तिकडे नेऊच नका.